काळ्या तेलामागून संगमापर्यंत

ज्या नदीच्या काठी आयुष्य काढलं ती येते कुठून आणि जाते कुठं, हे मी पन्नाशी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं. पूर्ण्याला माझं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. मागच्या भिंतीला लागून नाली आहे. ती रेल्वेच्या मोरीखालून जाते आणि पुढं पूर्णा नदीला मिळते. एवढाच माझा भूगोल. यंदा ज्येष्ठात चार दिवस हिंडलो तेव्हा तो जरा वाढला. ज्यांना त्या बाजूला जायचं काही कारण पडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी का गेलो हेही लिहिणार आहे, कारण ते वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

इंजिनातलं तेल बदललं की जुनं निघतं ते काळंभोर असतं. आम्ही त्याला जळकं तेल म्हणतो. वर्षभर ते पिंपात साठवायचं आणि पावसाच्या तोंडावर, नालीतलं पाणी जागोजाग तुंबून डास माजले की, पिंप नालीत उपडं करायचं, असा माझा रिवाज होता. चोरून नव्हे, गल्लीच्या साक्षीनं. पाण्यावर तेलाचा पापुद्रा धरला की डासांच्या अळ्या मरतात. समोर चहाचं हॉटेल चालवणारे गफूरभाई त्या दिवशी मला मलईचा चहा पाजायचे. लोक म्हणायचे, मिस्तरी आहेत म्हणून गल्लीला झोप आहे.

यंदाही गफूरभाईंनी हाक मारली, "मिस्तरी, तेल कब डालरे? मच्छर चारपाई समेत उठाके लेजारे हमकू."

"बघू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली. घरी सांगितलं, येलदरीला पंपाचं काम निघालंय. काम काही नव्हतं. मला गयाबाईला शोधायचं होतं.

गयाबाई ही संगमाकडच्या गावची भोईण. बाजाराच्या दिवशी माझ्या गॅरेजसमोर लिंबाखाली मासळी घेऊन बसायची. तीन-चार वर्षांमागं पावसाळ्यात, नदीचा पहिला लोंढा ओसरल्यावरच्या बाजारात, गिऱ्हाइकं घेतलेली मासळी परत आणून तिच्या पुढ्यात टाकायला लागली. मासळीला रॉकेलसारखा वास येत होता. ती लेकराबाळांच्या शपथा घेत होती. मी एका जीपखालून बाहेर आलो आणि हात पुसत सगळ्यांसमोर म्हणालो, "गयाबाई, रॉकेलच्या डब्यात मासळी ठेवल्यावर दुसरं काय होणार? डबा तरी धूत जा." लोक हसले. मीही हसलो. तिनं टोपली उचलली, ती पुन्हा लिंबाखाली दिसली नाही.

त्याच आठवड्यात मी नदीवर गेलो होतो. पाण्यावर मोरपिसासारखे रंग तरंगत होते. ते कुठून येतात म्हणून काठाकाठानं वर चालत गेलो. मोरी ओलांडली, नालीला लागलो. रंग माझ्या भिंतीपाशी येऊन संपले.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. पुढच्या ज्येष्ठात पिंप पुन्हा ओतलं, कारण नाही ओतलं तर लोक का म्हणून विचारतील. खरं ते असं आहे.

येलदरी

बाजारात चौकशी केली तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की गयाबाई लेकीकडं येलदरीला गेली. म्हणून आधी तिकडं. जिंतूर सोडलं की जमीन उठायला लागते. आमच्याकडच्या सपाट काळ्या रानाची सवय झालेल्या डोळ्यांना ते चढउतार नवे वाटतात. मग एका वळणावर धरणाचं पाणी अचानक समोर येतं. उन्हाळा सरता सरता पाणी बरंच आत गेलं होतं, काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. तरी जे होतं ते निळं होतं. पूर्णेला मी इतकी वर्षं पाहतोय, ती निळी असू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

भोयांच्या वस्तीच्या अलीकडं एक जीप बंद पडली होती. गाडी दिसली की माझ्यानं राहवत नाही. पंप साफ करून ती चालू करून दिली आणि ग्रीसनं माखलेले हात घेऊन पाण्याशी बसलो.

"ओ मामा! हात काढा पाण्यातून! काढा म्हणते न्हवं!"

तिशीची एक बाई कमरेवर घागर घेऊन तरातरा खाली आली. घागर भरली आणि मला पुढं घालून काठापासून चांगली वर घेऊन गेली. तिथं मुरमाचा उंचवटा होता, वर दगड रचलेले. "हितं बसा. मी वतते, तुमी चोळा."

"एवढं समुद्रासारखं पाणी," मी म्हणालो, "माझ्या दोन हातांनी काय होतंय त्याला?"

"घरी माठात हात घालून धुता का?"

"नाही."

"मंग? ह्यो आमचा माठच हाय."

त्या वस्तीची रीत अशी, की भांडी, कपडे, जाळी, काहीही असो, पाणी वर न्यायचं आणि मुरमावर धुवायचं. राख, साबण, तेल, सगळं मुरमात जिरतं. पावसात वरून येणारं पाणीही थेट आत जाऊ नये म्हणून त्या उंचवट्याभोवती गुडघाभर चर मारलेला होता. काठावर बसून कुणी धुतलं तर त्या घराचं जाळं त्या दिवशी पाण्यात पडू देत नाहीत. मी विचारलं, कधी पडू दिलं नाही असं झालंय का? ती हसून म्हणाली, "माझ्याच नवऱ्याचं. दोनदा." आमच्याकडं नदीवर घाट बांधतात तेच मुळी पाण्यात बसून धुता यावं म्हणून. ट्रकसुद्धा आम्ही उतारावरून पाण्यात घालून धुतो, टायर बुडेपर्यंत.

तिचं नाव कौसल्या. जीप दुरुस्त केली म्हणून तिनं जेवायला थांबवून घेतलं. येसराचा मसाला घातलेलं रोहूचं लालभडक कालवण, ज्वारीची भाकर, कच्चा कांदा. आमच्या घरी मासळीत खोबरं पडतं, इथं नाही. त्यामुळं माशाची चव माशाचीच राहते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तेवढ्यात ती म्हणाली,

"पूर्ण्याचे ना तुमी? माझी आई तितंच बसायची बाजारात. गयाबाई."

घास तसाच हातात राहिला. मी म्हणालो, "इथं आहे का ती?"

"व्हती. गेल्या मैन्यात गेली माघारी. बाबा एकटाच हाय तिकडं. डोहावर बसून ऱ्हातेत दोघं, गावातल्या गावात इकतेत. बाजार सोडला तिनं. कोण्या गॅरेजवाल्यानं भर बाजारात तिची इज्जत काढली. म्हणं रॉकेलच्या डब्यात मासळी ठिवती. तवापसून पूर्ण्याचं नाव काढलं की उठून जाती." तिनं माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. "तुमी वळखता का त्याला?"

"बघितलंय," मी म्हणालो.

"कसा हाय?"

"गप्प असतो."

"भेटला तर सांगा, कौसल्यानं लय शिव्या घातल्या म्हणून."

मी जेवण संपवलं. ताट घेऊन मुरमावर गेलो, पाणी वर नेऊन धुतलं. तिनं लांबून पाहिलं आणि मान हलवली. तिला वाटलं असेल, माणूस शहाणा आहे.

वसमतच्या अलीकडं

परतीची गाडी औंढ्यावरून वसमतकडं. वाटेतल्या एका स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या घोषणा होत्या, त्यांच्यावर विरोधातल्या, आणि दोन्हींवर अर्धवट चुना. पुढं गाडीचं पाणी उकळलं. ड्रायव्हरनं विचारलं, कुणाला काही कळतंय का? मी गप्प बसणार होतो, पण माझ्या नखांनी चुगली केली.

इंजिन निवेपर्यंत ओढ्याकडं गेलो. तिथं एक म्हातारा मेंढपाळ शेतात मेंढरं बसवून होता. खतासाठी शेतकरी कळप शेतात बसवून घेतात, ही आपल्याकडची जुनी पद्धत. पण शेत आणि ओढा यांच्यामध्ये हराळीचा हिरवागार पट्टा होता. उन्हाळ्यात एवढी हिरवळ समोर असून मेंढरं तिकडं वळली की म्हातारा काठी आपटायचा.

"बाबा, एवढा चारा सोडून दिला?"

"ठरलंय तसं. शेत खाऊ द्यायचं, ही पट्टी न्हाई."

"का?"

"तुमी शेतकरी न्हाईत वाटतं." त्यानं मला खालीवर पाहिलं. "पाऊस झोडपाय लागला की लेंड्या, माती समदं ओढ्याकडं पळतं. ही हराळी धरून ठिवती. न्हाईतर मेंढरं बसवायची ह्या शेतात आन् खत जायचं खालच्या गावाला. मंग खालच्या गावानंच द्यावी की मला ज्वारी!" आणि आपल्याच बोलण्यावर तो खोकला येईपर्यंत हसला.

मी वाकून पाहिलं. हराळीच्या वरच्या बाजूला जुन्या पावसाचा गाळ वीतभर अडकून वाळला होता. खालच्या बाजूला स्वच्छ वाळू. गवतासारखं गवत, कुणी लक्षही देणार नाही असं.

संगम

पूर्ण्याला उतरलो, पण घरी गेलो नाही. सायकल भाड्यानं घेतली आणि नदी डाव्या हाताला ठेवून खाली गेलो. निम्मा रस्ता सायकलनं मला नेलं, निम्मा मी सायकलला.

जिथं पूर्णा गोदावरीला मिळते तिथं मोठा देखावा असेल असं वाटलं होतं. तसं काही नाही. दोन रुंद, शांत प्रवाह एकमेकांशेजारी येतात, थोडं अंतर आपापला रंग सांभाळून जातात आणि मग कुठं एक झाले ते सांगता येत नाही. थोडं वरच्या अंगाला जांभळांखाली डोह होता. काठावर एक बाई जाळं दुरुस्त करत बसली होती, शेजारी तिचा नवरा लिंबाजी सुतळी वळत होता.

तिनं मान वर केली. मला वाटलं होतं ओळख द्यावी लागेल.

"या मिस्तरी," गयाबाई म्हणाली. "डब्बा बघायला आलाव का? त्यो बघा तितं. घासून ठिवलाय."

खरंच डबा होता तिथं, तुपाचा, चकचकीत. मी रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. उभ्या उभ्याच म्हणालो, "वास डब्याचा नव्हता. माझ्या जळक्या तेलाचा होता. मी नालीत ओतत होतो, डासांसाठी."

लिंबाजीचा हात थांबला. गयाबाईचा नाही.

"कवा कळालं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. परवाच कळलं, म्हणून धावत आलो, असं.

"त्याच आठवड्यात."

"आन् मंग?"

"पुढच्या ज्येष्ठात पुन्हा ओतलं." ती जाळ्याचे डोळे विणत राहिली. लिंबाजी सुतळी खाली ठेवून उठला, म्हणाला, "चला, दावतो." डोहाच्या काठाला जांभळाच्या मुळ्यांवर त्यानं तळहात घासला आणि माझ्यापुढं धरला. काळा. मला वास घ्यायची गरज नव्हती.

"तुमचंच न्हाई एकट्याचं," तो म्हणाला. "पहिल्या पान्यासंगं तुमचं समदं पूर्णा गाव येतं हितं. गोठ्यातलं श्यान, साबन, फवारनीचे डबे, चपला. कुनाकडं लगीन झालं ते पत्रावळ्यायवरून कळतं आमाला."

"आन् कुनी जेवायला बोलवत न्हाई," मागून गयाबाई म्हणाली.

मी हसलो आणि लगेच लाज वाटली. तिनं जाळं बाजूला ठेवलं. "हितं आमाला तरी दिसतं. इतून पुढं आंध्रात जातं, मंग समुद्रात. बाजारातली सुकट खाता ना तुमी, तिकडून रेल्वेनं येती ती? तुमचं तेल तिकडं जातं, सुकट इकडं येती. बसलाव खात."

आमच्या जिल्ह्यातला माणूस समुद्राचा विचार कशाला करेल? पण त्या संथ पाण्याकडं बघताना पहिल्यांदा वाटलं, माझ्या मागच्या भिंतीपासून समुद्रापर्यंत मध्ये कुठंही दार नाही.

मी म्हणालो, "गयाबाई, चुकलं माझं."

"हितं बोलून काय करू मी त्याचं? आमी दोघं आन् जांभळं. बाजारात म्हणलं व्हतं, बाजारात म्हणा. त्याच लिंबाखाली, त्याच लोकायसमोर. म्हणत असाल तर येते."

पुन्हा पूर्णा

बाजाराच्या दिवशी ती आली. टोपलीत मरळ आणि वाम. लिंबाखाली पूर्वीच्याच जागी पटकूर टाकून बसली आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी गॅरेजातून बाहेर आलो. उभ्या जन्मात मी चार माणसांपुढं बोललेलो नाही. पण एकदा सुरू केल्यावर सगळंच बोललो. डबा, तेल, आणि कळूनही गप्प बसलो तेही.

गर्दीतून एक बाई पुटपुटली, "मंग आमी परत केलेली मासळी?"

"मातीत पुरली ती," गयाबाई म्हणाली. "का घरी आनून देऊ?"

हशा पिकला. गफूरभाईंनी हॉटेलातूनच आवाज दिला, "या अल्ला, मिस्तरी! और मैं मलई खिलारा था तुमकू!" पण शेजारचे पिठाच्या गिरणीवाले हसले नाहीत. "तुमचं मन हलकं झालं, लय बेस झालं," ते म्हणाले. "आमाला हिवताप आला तर? डासायचं काय?"

बरोबर होतं त्यांचं. मी येलदरीचं सांगायला लागलो, मुरूम, चर, हराळी. माझं बोलणं लांबत चाललं तशी गयाबाईनं मागं हात घातला आणि तोच तुपाचा डबा पुढं सरकवला. आत पाणी होतं आणि नखाएवढी मासळी, शंभरेक तरी सळसळत होती. "ही सोडा हौदात, डबक्यात. अळ्या खाती. तेल पडलं की मरती. मेली तर समजा मिस्तरीनं पुना वतलं."

गिरणीवाल्यांनी डब्यात वाकून पाहिलं. "खरंच खाती?"

"तुमच्यावानी उधारीवर न्हाई खात."

त्या दिवसापासून गल्लीत जे झालं ते सभा घेऊन झालं नाही. गिरणीवाल्यांच्या हौदातल्या अळ्या दोन दिवसांत दिसेनाशा झाल्या आणि मग ज्याला त्याला मासळी हवी झाली. तुंबलेल्या जागा आम्ही फावड्यानं मोकळ्या केल्या. पिंपाला मी झाकण बसवलं. तेल आता गाडीवान आखाला लावायला आणि लोक दारांना, वाशांना वाळवीसाठी घेऊन जातात. फरशीवर सांडलं तर पाणी मारायचं नाही, लाकडाच्या वखारीतला भुसा टाकून झाडून घ्यायचं. ट्रक धुवायला नालीपासून लांब मुरमाची जागा केली. गल्लीतल्या बायकांनी भांड्याचं पाणी परसातल्या अळूला वळवलं, गोठेवाल्यानं शेण उताराच्या बाजूनं हलवलं, दोन दिवस कुरकुर करून. मोरीच्या तोंडाशी खड्डा खणून खडी-वाळू भरली आणि पुढं हराळी लावली. ती माझ्या हातानं.

मग पाऊस झाला, नदीला पहिला लोंढा आला. त्यानंतरच्या बाजाराला गयाबाई येऊन बसली. गिऱ्हाइकं भोवती होती, पण तिनं कुणालाही हात लावू दिला नाही. एक मरळ उचलली आणि मला हाक मारली.

"मिस्तरी. आधी तुमी वास घ्या."

मी वाकलो. सगळी गल्ली बघत होती. वास पूर्वीपेक्षा कितीतरी कमी होता. इतका कमी, की नाही म्हटलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिची टोपली त्या दिवशी खपली असती.

"येतोय," मी म्हणालो.

तिनं मरळ टोपलीत ठेवली, वर ओलं फडकं घातलं आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. गिरणीवाले माझ्याकडं बघून म्हणाले, "काय माणूस हाव तुमी!"

त्या दुपारी गॅरेज बंद ठेवून मी भिंतीमागं गेलो. जिथं इतकी वर्षं पिंप उपडं केलं होतं तिथली माती कुदळीनं फोडली. वीतभर खाली गेलो तरी काळी, डांबरासारखी. पिंप थांबलं होतं, माती अजून झिरपतच होती. गफूरभाई पाटी घेऊन आले, मग गिरणीवालेही आले. ती माती आम्ही गाडीनं गावाबाहेरच्या उंच माळावर, ओढ्यापासून दूर, मुरमाच्या खड्ड्यात नेऊन गाडली. परत आलो तेव्हा हात धुवायला नेहमीप्रमाणं नालीकडं वळलो. मग आठवण झाली. घागर घेऊन मुरमावर बसलो.

पुढचा बाजार. मध्ये दोन चांगले पाऊस झाले होते. ती येईल की नाही याची खात्री नव्हती. मी एका ट्रॅक्टरखाली होतो, तेवढ्यात लिंबाखालून हाक आली. बाहेर आलो. तिनं मरळ माझ्या नाकाशी धरली. मी डोळे मिटले. चिखल, शेवाळ, जांभळाच्या कुजक्या पानांचा थोडा उग्र वास. अजून एकदा घेतला. दुसरं काही नव्हतं.

"नदीचा येतोय," मी म्हणालो.

"मंग नदीचाच येनार की," गयाबाई म्हणाली. "सरका आता बाजूला, गिऱ्हाइकायला दिसू द्या."